वैकुंठरथाचा पिच्चर

तो पिच्चर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या हातात मेथी होती. रिसोडच्या बाहेर, मळ्यातच आमचं घर आहे. हिवाळ्यात दुपारची जेवणं झाली की आम्ही घरातल्या बाया मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या बांधायला बसतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला कोथिंबीर म्हटलं तर लोक पुण्याहून आली का विचारतात. सकाळी माल बाजारात जायचा असतो, त्यामुळे कंटाळा करून चालत नाही. हात आपोआप चालतात, डोक्याला मात्र काही काम नसतं. म्हणून मी मोबाइल भाजीच्या कॅरेटला टेकवून काहीतरी लावून ठेवते.

त्या दिवशी जे लागलं ते दक्षिणेकडचं होतं, हिंदीत आवाज भरलेलं. एका लहान गावातला वैकुंठरथाचा ड्रायव्हर. गावात महिनोन्‌महिने कोणी मेलेलं नाही, आणि साहेब सांगतो की पावसाळ्याच्या आत गाडी एकदा तरी निघाली नाही तर ती दुसऱ्या गावाला देऊ. ड्रायव्हर घाबरतो. तो गावातल्या आजारी माणसांची यादी करतो आणि एकेकाच्या घरी जाऊन बसायला लागतो. संत्री नेतो, पाय चेपून देतो, गप्पा मारतो. मनात एकच, की हा कधी जातो. पण या माणसांकडे वर्षानुवर्षं कोणी आलेलं नसतं. हा रोज येऊन बसतो म्हणून ते एकेक करून बरे व्हायला लागतात.

त्यात एक म्हातारी आहे. ती त्याला विचारते की तुझ्या गाडीला खिडकी आहे का, मला कोंडल्यासारखं चालत नाही. गाडी बघायला म्हणून ती येते, आत आडवी होऊन पाहते, गादी टोचते म्हणते, आणि मग म्हणते, आता निजलेच आहे तर माहेरी फिरवून आण. गाडी रस्त्याने निघते. लोक थांबून हात जोडतात, तर ही आतून, निजल्या निजल्या, त्यांना उलट हात जोडते. एक सायकलवाला ते पाहतो आणि सायकलसकट नालीत जातो.

मी इतकी हसले की माझ्या हातातली जुडी सुटली. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगायला लागले, आणि तिथूनच माझ्या त्रासाला सुरुवात झाली.

सांगताना मी म्हातारीपर्यंत पोचायच्या आधीच हसायला लागले. त्यांना कळलं एवढंच की मेलेल्या माणसांच्या गाडीत कोणीतरी बसलं आणि सून त्यावर हसते आहे. त्या म्हणाल्या, तिन्हीसांजेला असलं बोलू नये. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

मी नवऱ्याला धरलं. तो संध्याकाळी ओटीवर बसला असताना त्याच्या हातात मोबाइल दिला आणि बाजूला बसले. त्याने आधी विचारलं की यात मारामारी आहे का. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, तरी माझ्यासाठी तो पाहत राहिला. ड्रायव्हर यादी करतो तिथे मी त्याला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, हो, हो. पुढे पाच मिनिटांत उद्याच्या टमाट्याच्या भावाचा मेसेज आला आणि तो मेसेजमध्ये गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाला, चांगला होता, पण हळू होता. मी म्हटलं, तुम्ही पाहिलाच कुठे. तो म्हणाला, जेवढा पाहिला तेवढा हळू होता.

मग माझी शाळेतली मैत्रीण. ती शेलूबाजारला राहते, घरी ब्लाउज शिवते. आमचं दोन-चार दिवसांआड फोनवर बोलणं असतं आणि आमची आवड एक आहे असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तिला मी पिच्चरची लिंक पाठवली. ती म्हणाली, पाहते. पुढच्या फोनला म्हणाली, पाहते. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी विचारणं सोडलं नाही आणि तिने पाहते म्हणणं सोडलं नाही. शेवटी एकदा ती आपणहून म्हणाली, "पाह्यला व तुहा पिच्चर. लय मस्त होता. गाने तर एकाहून एक."

त्या पिच्चरमध्ये एकही गाणं नाही.

मी फोन ठेवला आणि मला खरंच रडू आलं. खोटं बोलली म्हणून नाही. माझ्यापासून सुटका करून घ्यायला तिला खोटं बोलावं लागलं, म्हणून. एवढी मी तिच्या मागे लागले होते. आणि तरी मनातून मी तिच्यावरच चिडलेली होते, की तुला दोन तास काढता आले नाहीत का.

पुढच्या हिवाळ्यात आमच्याकडे मोठा टीव्ही आला. त्याच आठवड्यात माझी मोठी नणंद किन्हीराजाहून चार दिवस राहायला आली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईचे यजमान आदल्या वर्षी वारले होते. छातीत दुखायला लागलं म्हणून वाशिमला नेलं आणि दुसऱ्या दिवशी तिथून परत आणलं ते तसंच. तेव्हापासून ताईचं बोलणं कमी झालं होतं. माहेरी आली की कामाला लागायची, चहा दिला की प्यायची, आणि कोणी काही विचारलं तर हो किंवा नाही.

रविवारी दुपारी सगळे घरात होते. मी म्हटलं, आज सगळे मिळून एक पिच्चर पाहू. मला असं वाटलं होतं की मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांच्या मधे बसून पाहिला तर हसू एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. मुरमुऱ्याचा चिवडा केला. सासूबाईंना उशी दिली. सगळे बसल्यावर मी त्यांच्या समोर नाही, बाजूला बसले, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतील.

पहिल्याच मिनिटाला तो पांढरा वैकुंठरथ टीव्हीभर आला. मोबाइलवर तो काडेपेटीएवढा दिसायचा. इथे तो भिंतीएवढा होता आणि त्याचं मागचं दार उघडं होतं.

मी ताईकडे पाहिलं आणि तेव्हा मला आठवलं की तिच्या दारात अशीच गाडी येऊन उभी राहिली होती, मागच्याच वर्षी, आणि आम्ही सगळे तिथे होतो. शपथेवर सांगते, तोपर्यंत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ती गाडी आणि ही गाडी मी कधी जोडलीच नव्हती. पिच्चर माझा होता, हसायचा होता. बाकी काही मला दिसतच नव्हतं.

"बंद कर ते," सासूबाई म्हणाल्या.

मी बंद करायला हवा होता. त्याऐवजी मी म्हणाले, "आई, थोडं थांबा ना. याच्यात मरत कोनीच नाही. सारे बरे होतात."

म्हणजे सगळ्या पिच्चरचा शेवट मी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकला, आणि तोही फुकट गेला. नवऱ्याने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मी चिवड्याचं ताट उचलून आत गेले. सासूबाई आतपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या की काही लोकांना शिकूनही अक्कल येत नाही.  ताई उठून हौदावर भांडी घासायला गेली.

दोन दिवस माझ्याशी घरात कोणी धड बोललं नाही. मला माझी लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली राग होता, तो जात नव्हता. मी वाईट मनाने काही केलं नव्हतं. इतके दिवस मी एकच गोष्ट मागत होते, की कोणीतरी माझ्यासोबत हसावं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी खोटारडी मैत्रीण पाहिली, बिनअकलेची सून ठरले आणि हसलं तर कोणीच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि मी दोघीच सांबार बांधत बसलो होतो. सासूबाई शेजारी गेल्या होत्या.  मग ताईने मान वर न करता विचारलं, त्या गाडीवाल्याचं पुढे काय झालं.

 मी सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "सांगू नको. लावून दे. आन तू जाय इथून."

मी म्हटलं, कुठे जाऊ, जुड्या बांधायच्या आहेत.

"मंग तिकडं बसून बांध. त्या दिशी तू पिच्चर नाही पाहून राह्यली होती. तू आमच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. असं कोनी पाह्यलं तर हासू येते का मानसाले?"

मी मोबाइलवर पिच्चर लावून दिला, माझा ढीग उचलला आणि विहिरीजवळच्या निंबाखाली जाऊन बसले. तिथून ती पाठमोरी दिसत होती, आवाज मात्र पुसटसा येत होता. पिच्चर मला तोंडपाठ असल्यामुळे कुठे काय चाललं आहे ते आवाजावरून कळत होतं. सायकलवाला नालीत पडला तो आवाज मी ऐकला. ताईची पाठ हलली नाही. माझ्या हातांनी सुतळी इतकी आवळली की काड्या तुटल्या.

आणि मग, त्याच्या कितीतरी नंतर, जिथे काहीच नाही तिथे ती हसली. मोठ्याने. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिने सावरला नाही. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आलं ते हेच, की इथे काय आहे हसण्यासारखं?

पिच्चर संपल्यावर मी गेले आणि विचारलं. तिने सांगितलं, ड्रायव्हरची बायको त्या रिकाम्या गाडीच्या टपावर पापड वाळत घालते, आणि तो म्हणतो, उतरव, कधीही फोन येईल. आणि ती म्हणते, अर्धे वाळले आहेत, थांबायला सांग. हे मी कधी नीट ऐकलंही नव्हतं. तेवढ्यात मी दर वेळी एखादी जुडी मोजून ठेवत असायचे.

मग ताई स्वतःहून बोलायला लागली. वाशिमहून आलेल्या त्या गाडीत ती मागे बसली होती, यजमानांच्या पायाशी. समोरच्या हुकाला ड्रायव्हरचा जेवणाचा डबा टांगलेला होता आणि खड्डा आला की तो पत्र्यावर टकटक वाजायचा.

"सारा रस्ता मी त्या डब्याकडंच पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "मले वाटे, यानं आज भाजी कोनती आनली असन. वांग्याची असन का बेसन असन. माहा मानूस समोर पडला होता आन माह्या डोक्यात भाजी. वर्षभर म्या कोनाले सांगतलं नाही. मले वाटे, मी बाई हाय का कोन हाय."

 तिच्या मांडीवर सांबाराच्या काड्या पडल्या होत्या, त्या मी वेचत बसले.  थोड्या वेळाने ती डोळे पुसून पुन्हा जुड्या बांधायला लागली, आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, विचारलं की ती म्हातारी कशी वाटली.

"ते म्हातारी? ते काई खरं नाही वाटलं. मेलेल्याच्या गाडीत जित्ता मानूस निजते का कुठं?"

मी वाद घालायला लागले. मी म्हटलं, तोच तर सगळा गमतीचा भाग आहे. ती म्हणाली, तुझ्यासाठी असेल. सासूबाई परत आल्या तेव्हा आम्ही दोघी त्या म्हातारीवरून भांडत होतो आणि त्यांना वाटलं की मी ताईला आणखी काही बोलले. त्याचा जाब मला आठ दिवस द्यावा लागला. ताई तोवर किन्हीराजाला निघून गेली होती, माझी बाजू सांगायला ती घरात नव्हती.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात किन्हीराजाला एका बारशाला गेले होते. बायकांमध्ये बसले असताना ताईच्या शेजारची एक बाई माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली की तुमच्या ताईने आम्हाला एक पिच्चर सांगितला आहे, फार भारी आहे, तुम्ही पाहा. ताईने तो बचत गटाच्या बैठकीत सांगितला होता, पापडासकट, आणि त्यानंतर तिथल्या चार-पाच जणींनी मिळून पाहिलाही होता. मी म्हटलं, पाहिला आहे. ती थांबली नाही. तिने मला पहिल्यापासून गोष्ट सांगायला घेतली. तिच्या सांगण्यात ड्रायव्हरला दोन बायका होत्या आणि म्हातारी शेवटी मरत होती.

मी दुरुस्त करायला गेले. म्हटलं, म्हातारी मरत नाही, ती माहेरी राहून जाते.

त्या बाईने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "तुमी नीट पाह्यला नसन," ती म्हणाली. "एकडाव बसून पाहा."