म्वान्झियाची गिटार वाजते कुठं?

तरुणपणी म्वान्झिया एका बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे खर्जातल्या सुरांची गिटार, वाजवायचा आणि त्यांची एक तबकडीसुद्धा निघाली होती, हे कायोले वस्तीतल्या त्याच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वास मात्र कुणाचाच नव्हता. बायकोचा, स्योकाऊचा, तर मुळीच नाही. घरातल्या चिमुकल्या रेडिओवर ते गाणं लागलं की गाणारा ऐकू यायचा, पुढची, वरच्या सुरांची गिटार किणकिणायची, म्वान्झियाचा पत्ताच नसायचा.

"मुएनीचे बाबा, तुम्ही त्या दिवशी चहा आणायला गेला होतात का?" ती विचारायची.

शेवटी त्यानं परवडेलसा छोटा अँप्लिफायर आणि स्पीकर घ्यायचं ठरवलं. निवडायला बायकोलाच बरोबर घेतलं.

लुथुली रस्त्यावर, स्पीकरच्या दुकानांच्या रांगेत, शेजाऱ्यापेक्षा हळू वाजवलं, तर दुकान बुडालं असाच अर्थ होतो. गिताऊ नावाच्या दुकानदारानं कमरेएवढा स्पीकर लावला. फोनमधलं ते गाणं सुरू झालं आणि सकाळी खाल्लेल्या मक्याच्या कण्या स्योकाऊच्या पोटात नाचू लागल्या.

"ही पिठाची गिरणी झाली," ती ओरडून म्हणाली. "यात तुम्ही कोण, पट्टा?"

म्वान्झियानं हळू लावायला सांगितलं. गिताऊचा चेहरा उतरला. "बाबा, हळूच ऐकायचं तर स्पीकर कशाला? आई गुणगुणतील की."

"ती गुणगुणत नाही, बोलते. आमची खोली तुझ्या मागच्या कोठीएवढीच आहे. तिथं लाव."

कोठीत तळहाताएवढा अँप्लिफायर आणि दोन बुटके स्पीकर लागले. गिताऊनं ते भिंतीला टेकवून ठेवले होते. नुसती गुरगुर येत होती. म्वान्झियानं ते वीतभर पुढं ओढले, खोक्यांवर कानाच्या उंचीला ठेवले आणि दार लोटलं.

गाणारा आला, पुढची गिटार आली. आणि त्यांच्याखालून कुणीतरी बेतानं चालत गेल्यासारखं काही वाजू लागलं. म्वान्झियाची बोटं गुडघ्यावर आपोआप हलत होती. स्योकाऊ आधी स्पीकरकडं, मग त्या बोटांकडं बघत राहिली.

"तो खालून जातोय, तो तुम्ही?"

"मीच."

गाणं संपलं. मग ती म्हणाली, "तेच ते, पुन्हा पुन्हा. घरी बोलतानाही तसंच करता."

म्वान्झिया नुसता हसत होता.

"मग बांधू का?" गिताऊनं विचारलं.

"थांब. आधी परत लाव. शेवटी हे कुठंतरी घसरले."

म्वान्झियाचं हसू मावळलं. ती चूक रेडिओनं इतकी वर्षं झाकून ठेवली होती.

दुसऱ्यांदा ऐकून स्योकाऊनं मान डोलावली. "घसरलेच. म्हणजे तुम्हीच. बांध रे हेच. मुएनीला दाखवायचंय, तिचे बाबा खरंच वाजवत होते."