पावण्याचा हप्ता

हौसा गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं माझ्याकडं वाकळ मागितली. म्हणाली, थंडी वाजतीया, ट्रंकेतली काढा. मी ट्रंकेची कडी काढली, झाकण वर ओढलं. ते काही निघेना. दोन्ही हातांनी ओढलं, गुडघा लावून ओढलं, तोंडानं शिव्याही दिल्या. खाटेवरनं डोळे मिटूनच ती बोलली, "अवं, डाव्या अंगाला कोपर हाना. एवढी वर्सं बघताय, अजून शिकला न्हाय व्हय?" मी कोपर हाणला तो नेमका उजव्या अंगाला. ट्रंक ढिम्म. ती हसली... हसता हसता खोकला लागला, पण हसली. शेवटी माझ्याच अंगावरची शाल तिला घातली. सकाळी बघतो तर शाल तशीच आणि ती गेलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. लोक म्हणाले, पुण्यवान बाई. असंल. पण तिनं शेवटचं काय मागितलं असंल तर वाकळ, आणि ती मला काढून देता आली नाही. हे कुणाला सांगायचं?

मी चौथीत शाळा सोडली. टेम्पो चालवून पोट भरलं. कागलच्या बाजूला गुऱ्हाळांवर गूळ भरायचा आणि कोल्हापुरात आणून उतरवायचा, हा धंदा. हौसा नेसरीकडची, तिचं लिहिणं सहीपुरतं. दोघंही तोंडानं फटकळ. आमच्या घरात कुजबुज अशी कधी झालीच नाही. चहात साखर कमी पडली तरी अख्ख्या गल्लीला कळायचं. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडं रेडिओ नसला तरी चालतंय. अशा घरावर एकदा वर्षभर तोंड बंद ठेवायची पाळी आली, आणि ती हौसानं कशी निभावली, ते मला सांगायचंय. ती गेल्यावर त्यातलं अर्धं मला कळलं.

टेम्पो घेतला तेव्हा विम्याचा एजंट घरी आला. माझी समजूत, विमा म्हणजे माणूस मेल्यावर मिळतो तो. मी म्हणालो, टेम्पो काय मरतोय व्हय? त्यानं सांगितलं, गाडीच्या विम्याच्या दोन तऱ्हा. एक पुरा विमा, त्यात आपली गाडी ठोकली तरी खर्च मिळतो, पण हप्ता मोठा. दुसरा थर्ड पार्टी. तो कायद्यानं काढावाच लागतो, त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. मी म्हणालो, मग स्वस्तातला तेवढा द्या. हौसा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिथनंच तिनं विचारलं, "ही थर्ड पार्टी कोण म्हणायची?"

"पहिली पार्टी तुमी, दुसरी कंपनी," एजंट म्हणाला, "आणि तिसरा म्हंजे रस्त्यावरचा कुणीबी. तुमच्या गाडीनं ज्याला लागलं, न्हायतर ज्याचं काय मोडलं, त्यो."

"त्येचं नाव काय?"

"नाव कसं ठाऊक असणार वहिनी? अजून त्यो भेटलाच न्हाय की!"

"म्हंजे हप्ता आमी भरायचा, आणि पैसं ज्येचं तोंडबी बघितलं न्हाय त्येला?"

"व्हय. पर त्येचं नुकसान तुमाला घरातली भांडी इकून भरायला लागू नये, म्हणून."

मला वाटलं, ही आता एजंटाला वाट दाखवणार. तिनं भाकरी उलटली, जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे पावणाच की त्यो!" आमच्या भागात अनोळखी माणसाला पावणं म्हणूनच हाक मारतात. वाट विचारणाराही पावणं आणि भांडायला आलेलाही पावणं. तेव्हापासून आमच्या घरात विम्याला विमा कुणी म्हटलं नाही. दरसाली पाडवा जवळ आला की ती विचारायची, "पावण्याचा हप्ता भरला का?" मी चिडायचो. म्हणायचो, असला कसला पावणा, कधी जेवायला येत न्हाय आणि ताट मात्र दरसाली वाढायचं! त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "येऊ नये म्हणूनच वाढायचं."

पण पावणा आलाच. म्हणजे आम्हीच त्याच्या घरात घुसलो. लग्नसराईचे दिवस होते, शुक्रवारची दुपार. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरलेला टेम्पो मी एका उताराच्या गल्लीत लावला, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि गिऱ्हाइकाला हाक मारायला गेलो. हँडब्रेक जुना होता आणि दगड सरकला. खाली वळणावर दस्तगीर मिस्त्रीचं ट्रंकांचं दुकान. पत्र्याच्या ट्रंका, वर गुलाबाची फुलं रंगवलेल्या, लेकीच्या सासरी पाठवायच्या. छतापर्यंत थर लावलेला माल. टेम्पो दारासकट, भिंतीसकट आत गेला. दस्तगीर नमाजाला गेलेला, म्हणून माणसाला काही लागलं नाही. ती एवढी देवाची कृपा. पण ट्रंका चेपल्या, रवे फुटले, गुळाचा चिखल सगळ्या गुलाबांवर. मी पळत खाली आलो तर दुकानातनं माश्यांचा आवाज यायला लागला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला. कुणीतरी एजंटाला बोलावलं. त्यानं मला घरी नेऊन दार लावून सांगितलं, "मालक, आता एकच ध्यानात ठेवा. चुकलं म्हणायचं न्हाय. भरून देतो म्हणायचं न्हाय. परस्पर मिटवायचं न्हाय. पॉलिसीत तसं लिवलंय. तुमी कबूल झाला की कंपनी हात वर करंल. मग दस्तगीरला तुमीच द्या, टेम्पो इकून."

आता हे मी कसं करायचं? आमच्याकडं कुणाची घागर फुटली तरी आधी दारात जाऊन चुकलं म्हणायचं, मग काय भांडायचं ते भांडायचं. इथं माणसाचं दुकान खाल्लं आणि तोंड शिवून बसायचं? न बसावं तर टेम्पो जाणार, आणि टेम्पो गेला की आमचीही चूल विझणार, त्यालाही काही मिळणार नाही. मी गप्प राहिलो. रोज त्याच वळणावरनं जायचो. मोडक्या दुकानात दस्तगीर उभा असायचा, ज्यांच्या लेकींच्या ट्रंका द्यायच्या होत्या त्यांच्या शिव्या खात. मला बघितलं की ओरडायचा, "अवो टेम्पोवालं, दुकान गिळलासा, ढेकर तरी द्या की!" गल्ली हसायची. मी मान खाली घालून गिअर टाकायचो.

असं काही दिवस चाललं. एक दिवस हौसानं एजंटाला गाठून विचारलं, "त्या पॉलिसीवर माझं नाव हाय का?" तो म्हणाला, न्हाय. "मग माझं तोंड मोकळं," म्हणाली आणि निघाली. संध्याकाळी परत आली ती पाय धूत धूतच मला म्हणाली, "दस्तगीरकडं जाऊन आलो."

"काय म्हणालीस?"

"म्हणालो, आमच्या मालकांवर केस घाला."

मी ताटावरनं उठलोच. नवऱ्यावर केस घाला म्हणून सांगणारी बायको मी तरी बघितली नव्हती. दस्तगीरनंही तिला विचारलं होतं म्हणे, बाई, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? तेव्हा तिनं त्याला आणि त्याच्या बायकोला, जैतुनभाभीला, समोर बसवून समजावलं. केस गाडीच्या मालकावर घालायची आणि त्यात कंपनीलाही धरायचं. कोर्टानं ठरवलं की पैसे कंपनी देते. नुसतं ओरडून पावण्याला काही मिळत नाही, अर्ज करावा लागतो. दस्तगीरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बिचारा मी कधी भांडी विकतोय याची वाट बघत होता.

कंपनीचा सर्व्हे करणारा साहेब येऊन सगळं मोजून, बघून गेला, तशी हौसा पदर खोचून जैतुनभाभीबरोबर ट्रंका धुवायला बसली. गरम पाण्यानं गूळ सुटतो, हे तिला माहेरच्या गुऱ्हाळावरनं ठाऊक. निम्म्याच्या वर ट्रंका तशा वाचल्या. पोचे दस्तगीरनं हातोडीनं काढले. चेपलेल्या ट्रंकेच्या आत हातोडी घालून तो असा काही ठोका द्यायचा की पत्रा टणकन् बाहेर यायचा, जणू काही झालंच नव्हतं.

केसच्या तारखांना दस्तगीर आणि मी एकाच टेम्पोतनं जायचो. अर्जदार तो, सामनेवाला मी. वाटेत तो खिडकीकडं आणि मी रस्त्याकडं बघत बसायचो, पण बसभाडं वाचायचं. कंपनीचा वकील ते बघून कपाळाला हात लावायचा. एका तारखेला माझी साक्ष झाली. झालं ते सगळं खरं सांगितलं. ब्रेक जुना, दगड सरकला, मी जाग्यावर नव्हतो. मग दस्तगीरच्या वकिलानं विचारलं, म्हणजे चूक कुणाची? मी कंपनीच्या वकिलाकडं बघितलं, हौसाकडं बघितलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. मी म्हणालो, "सायेब, कुणाची ते तुमी ठरवायचं. मला एवढंच म्हाईत, त्याचं दुकान काय चालत येऊन माझ्या टेम्पोवर आदळलं न्हाय." जजसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. पुढं निकाल दस्तगीरच्या बाजूनं लागला.

पैसे कंपनीनं दिले, पण सगळे नव्हेत. दुसऱ्याची मालमत्ता मोडली तर कंपनीनं किती द्यायचं, याला कायद्यानं एक हद्द घातलेली असते. वरचं मालकाच्या डोक्यावर. ती तूट मी त्याचा पत्रा माझ्या टेम्पोतनं वाहून भरून काढली. आणि टेम्पोचं फुटलेलं तोंड? ते माझं मीच नीट केलं. थर्ड पार्टीत आपल्याला आपलं काही मिळत नाही. तेव्हा हौसा म्हणाली, "सोताचं ताट वाढलंच न्हवतं, तर जेवाय काय मिळणार?" पुढच्या सालापासनं पुरा विमा काढला.

निकालाच्या संध्याकाळी मी दस्तगीरच्या दारात गेलो. वर्षभर दाबलेला शब्द. म्हणालो, "मिस्त्री, चुकलं." तो नुसता हसला. म्हणाला, "आत या, पावणं." मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा. तसा तो आहेच.

वाचलेल्या ट्रंकांत एकीच्या डाव्या कोपऱ्याला खोल पोचा होता. ती हौसानं मागून घेतली. दस्तगीर ईदचा शिरखुर्मा घेऊन आला की दरसाली म्हणायचा, बाई, हातोडी आणलीया, एका ठोक्यात काढतो. ही म्हणायची, "ऱ्हाऊ दे. त्यो दिसला की मालकांना हँडब्रेकची याद येती." त्या पोच्यानं झाकण अडकायचं, मग कोपराचा दणका. घरात कुठंही असलो तरी तो आवाज आला की कळायचं, हौसा काहीतरी काढतीया. दुमडलेल्या पत्र्याच्या सांध्यात कुठंतरी गूळ राहून गेला असावा. उन्हाळा लागला की तिथं मुंग्या यायच्या. मी पावडर मारायला निघालो की ओरडायची, "मारू नका, पावणं हायती. येतील तशी जातील."

तिचं बारावं झाल्यावर दस्तगीर आला. आता तोही वाकलाय, डोळ्याला कमी दिसतंय. खाली ट्रंकेला टेकून बसला, पत्र्यावरनं हात फिरवत राहिला. गुलाब कधीच पुसलेत. मग म्हणाला, "आज सांगतो. बाईंनी शपथ घातलती, आता त्या न्हाईत. ज्या दिवशी टेम्पो दुकानात घुसला, त्याच दिवशी, एजंटाचं बोलणं आतनं ऐकून, बाई आमच्या मागच्या दारानं आलत्या. जैतुनचा हात धरला आणि म्हणाल्या, आमच्याकडनं चुकलं. आणि म्हणाल्या, हे तुमी ऐकलं न्हाय. बाहेर फुटलं तर तुमचंच पैसं बुडायचं."

मी म्हणालो, "मग वर्षभर माझ्यावर वरडत हुता त्ये?"

"त्येबी त्यांनीच सांगितलतं. म्हणाल्या, मालकांना बोलाय बंदी हाय, तुमी तरी मन भरून वरडून घ्या. दोघांत एकानं तरी बोलाय पायजे, न्हायतर मनात अढी बसंल."

मला हसू आलं आणि मग काय आलं ते सांगत नाही. आमच्या घरात कुजबुज नव्हती म्हणालो मी. या बाईनं एवढी एक गोष्ट पोटात ठेवली, आणि मला वाटायचं हिच्या पोटात तीळ भिजत नाही... माझ्या वाटणीचा शब्द तिनं पहिल्याच दिवशी पोचवला होता.

उठताना दस्तगीरनं पिशवीतनं हातोडी काढली. "आता काढू का पोचा?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

तो गेल्यावर डाव्या अंगाला कोपर हाणला. झाकण पहिल्या दणक्यात उघडलं. वाकळ वरच होती, तिच्या हातची घडी. खाली विम्याचा कागद. पाडवा जवळ आलाय. यंदा कुणी विचारलं नाही, हप्ता मीच जाऊन भरून आलो आणि कागद परत तिथंच ठेवला. वाकळेची घडी मोडली नाही. झाकण लावताना बघितलं, सांध्याशी मुंग्यांची रांग लागलेली. पावडरीचा डबा घ्यायला उठलो... आणि परत खाली बसलो.