आतेभावाची दिलगिरी

जगात जेवढी विमानं उशिरा सुटतात त्या सगळ्यांना आपणच जबाबदार आहोत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो माझा सख्खा आतेभाऊ निघाला. तासगावात बेदाण्याच्या शेडमध्ये वाढलेला हा गडी मुंबईत एका विमान कंपनीच्या तिकीटखिडकीवर चिकटला आणि चढत चढत तिच्या पर्यटन विभागाचा प्रमुख झाला. "प्रवाशाचा राग हाच आपला पगार," असं तो म्हणायचा. माफी मागणं त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की, एकदा एका लग्नात मुहूर्त टळला तेव्हा हाच मांडवात हात जोडून दिलगिरी व्यक्त करू लागला. निम्म्या वऱ्हाडाला तो नवरीचा मामा वाटला. त्याने लोकांना स्वित्झर्लंडपासून बालीपर्यंत धाडलं. वहिनींना घेऊन मात्र कुठेच गेला नाही. दर उन्हाळ्यात बेत ठरायचा आणि उन्हाळा म्हणजे नेमका याच्या कामाचा हंगाम. पुढे पुढे वहिनींनी बॅग भरणंच सोडून दिलं.

मग कंपनीच बसली. मालक मंडळी फोन बंद करून गायब झाली आणि हा विमानतळावर अडकलेल्यांच्या शिव्या खात उभा राहिला. एकाने कॉलर धरली, तर त्यालाही म्हणाला, "आपला त्रास मी समजू शकतो." त्यानंतर तो तासगावला परतला आणि कुणाशी धड बोलेना.

शेवटी वहिनींनीच त्याला ओढून पाचगणीला न्यायचं ठरवलं. सोबतीला मी होतो. पसरणीच्या घाटात एसटी बंद पडली. आतेभाऊ सवयीने उठला. "झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पुढच्या बाकावरचे म्हातारबाबा मागे वळले. "आवं सायेब, गाडी तुमची हाय व्हय? मग तुमी कशापायी माफी मागताय? जरा भाईर बघा, दरी लय झ्याक दिसतीया."

आतेभाऊ खाली उतरून रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने मागून दुसरी गाडी आली, सगळे घाईने चढले. वहिनी त्याला हाक मारायला गेल्या.

"बस की जरा," तो म्हणाला. "जाऊ पुढच्या गाडीनं."

वहिनी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग पदर सावरून शेजारी बसल्या. मी बॅगा घेऊन चढलो. मागच्या काचेतून पाहिलं, तर वहिनी बोटाने खालचं धरणाचं पाणी दाखवत काहीतरी सांगत होत्या आणि तो ऐकत होता. त्या दोघांना असं निवांत बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. आणखी थोडं पाहायचं होतं, पण वळण आलं.