क्रूसासमोरचा ब्रेक

१९९९च्या मे महिन्यात आमची मोटार गास गावच्या क्रूसासमोर तीन वेळा आपोआप थांबली. तिन्ही वेळा गाडी मी चालवत होतो आणि तिन्ही वेळा माझा पाय ब्रेकवर नव्हता.

गाडी पप्पांची. पांढरी, १९६४ची. पप्पा जानेवारीत वारले. त्यांची एकच ताकीद असे: "गाडीच्या पोटात हात घालायचा नाही." मी एप्रिलमध्ये घातला. माझ्या बहिणीला, लीनाला, याच गाडीतून लग्नाला न्यायचं असं त्यांनी कबूल केलं होतं. पण जुने ड्रम ब्रेक लागेपर्यंत गाडी आणखी दोन घरं पुढे जायची. म्हणून नालासोपाऱ्याच्या बावतीस मिस्त्रीकडून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले.

पहिल्या चाचणीत मागची चाकं आधी धरली आणि गाडी आडवी झाली. "पुढच्यांनी आधी धरलं पायजे, मागच्यांनी मागनं," बावतीस म्हणाला. त्याने मागच्या नळीवर दाब कमी करणारा व्हॉल्व बसवला. चार दिवस तो ब्रेक मारायचा, रस्त्यावरच्या खुणा बघायचा आणि व्हॉल्व किंचित फिरवायचा. पाचव्या दिवशी गाडी सरळ रेषेत थांबली. (कधी थांबायचं, हे ठरायचं बाकी होतं.)

लग्न नवऱ्यामुलाच्या गावी होतं, रस्ता गासवरून. रविवारी आई आणि लीनाला घेऊन तिकडे निघालो. दुपारचे साडेतीन. वारा पडलेला, रस्त्यावर कुत्रंही नाही. गास आलं आणि गाडी जड झाली, कोणीतरी मागून धरल्यासारखी. अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, गाडी आणखी हळू झाली आणि क्रूसासमोर उभी राहिली. ब्रेकचं पेडल चाचपलं. दगडासारखं घट्ट!

इंजिन बंद केलं. पुढून आवाज येऊ लागला. टिक. टिक. टिक.

"अंगठी," आई कुजबुजली.

वाट पाहताना पप्पा डॅशबोर्डवर अंगठी आपटत. तोच आवाज, तीच लय. मग खिडकीतून जळका वास आत आला.

"ऊद," आई म्हणाली.

"आई, ब्रेक जळतोय."

"तू गप! पप्पा रोज इथं गाडी उभी करून क्रूसाची खूण करायचे. तू थांबला असतास?"

नसतो थांबलो.

आईने रोझरीची जपमाळ काढली. पाच रहस्यं, म्हणजे जपाचे पाच भाग, वीस मिनिटं. शेवटच्या 'आमेन'ला खाली 'टक' असा आवाज झाला आणि इंजिन बंद असताना गाडी वीतभर पुढे सरकली! लीना किंचाळली. मी किंचाळलो नाही. (हँडब्रेक ओढण्यात गुंतलो होतो.)

बुधवारी तेच. तोच क्रूस, तोच वास, तीच वीस मिनिटं. आता आईने अर्थ लावला. "पप्पांना हे लगीन पसंत नाय. क्रूसाच्या पुढं पोरीला जाऊ देत नायत. फादरना सांगते, पुढं ढकला."

लीना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, दहा दिवस राहिलेत. पेपरात काम करतोस ना? मग काय ते शोधून काढ!"

शनिवारी शोधायला एकटाच गेलो. गाडी थांबली. टिक. टिक. मी खाली उतरलो, रस्त्याला दोन्हीकडे कोणी नाही याची खात्री केली आणि क्रूसासमोर गुडघे टेकले. "पप्पा, चुकलो. डिस्क काढून टाकतो. पण लीनाला जाऊ द्या." एवढ्याने भागेना, म्हणून शाळेपासूनचं सगळं कबूल केलं. 'टक' झालं तेव्हा घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं!

तसाच बावतीसकडे गेलो. "डिस्क काढ."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "घरून क्रूसापर्यंत किती?"

"सात किलोमीटर."

"आन् सुटायला?"

"एक रोझरी."

"मास्टर सिलिंडर कोनाचा?"

"पप्पांचा." पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत ढकलणारा हा भाग तो नवा घालणार होता. 'पप्पांची एक तरी वस्तू राहू दे' म्हणून जुनाच ठेवण्याचा हट्ट माझा होता.

बावतीसने बॉनेट उघडलं. जुन्या सिलिंडरमध्ये एक छोटी झडप असते. पाय काढला तरी ती नळीत थोडा दाब धरून ठेवते. ड्रमला तो लागतो. डिस्कला नको असतो. डिस्क घासत राहते, सात किलोमीटरांत तापते, ब्रेक ऑइल फुगतं आणि चाकं आवळली जातात. थंड होताना टिकटिकतात, थंड झाली की 'टक' करून सुटतात आणि उतारावर गाडी सरकते.

"म्हणजे पप्पा नव्हते?"

"होते की! तूच ठेवलंस ना त्यांना, बॉनेटखाली."

त्याने ती झडप काढली, मागच्या ड्रमसाठी वेगळी बसवली आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ पुन्हा पहिल्यापासून घातला. काढलेली झडप पाहून आईने फादरना काही कळवलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी गाडी गासच्या क्रूसासमोर थांबली. मी उतरून पुढच्या चाकांना हात लावला. थंड होती. ब्रेक मी दाबला होता.

चर्चमध्ये आम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलो.