सावली पाठीशी ठेवून

बाळांनो, या पृथ्वीवर कधीच न हरवणारं एकच माणूस आहे, ते दिंद्रुडला राहतं, आणि ते म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना अक्का म्हणते. त्या मला मास्तरीण म्हणतात, कारण केजच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एवढं शिकूनही मला दिशा कळत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

अक्कांचा डाव्या-उजव्यावर विश्वास नाही. माणूस वळला की जे बदलतं ते कसलं खरं, असं त्या म्हणतात. त्यांचं सगळं जग उगवत आणि मावळत यांवर मांडलेलं. माझ्या स्वयंपाकघरात त्या उगवतीच्या अंगाचा डबा मागतात आणि मी अख्खी फळी उतरवते. एकदा दाताच्या डॉक्टरांना त्यांनी मावळतीकडली दाढ दुखते म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी उजेडासाठी खुर्ची फिरवली, तशा अक्का ताडकन उठून बसल्या. "आता ती उगवतीला आली. हुती तशी खुर्ची करा, मग हात लावा." डॉक्टरांनी मुकाट्याने खुर्ची फिरवली आणि दाढ बरोबर तीच निघाली. म्हणजे वळल्यावर उगवत-मावळतही बदलते की, असं मी परतताना म्हणून पाहिलं. दाढ म्हणजे काही रस्ता नव्हे, एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला.

तर तुमच्याकडे येण्याच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मला पुण्याला जायचं होतं. वेळ साडेदहाची. उशीर झाला तर आत घेणार नव्हते, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत तुमची सुट्टी संपली असती. चार वर्षं मी तुम्हाला पाहिलं नव्हतं. अक्का सोबतीला निघाल्या. पुणं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी कागद क्रमाने फायलीत लावले, वळणांची यादी सुवाच्य अक्षरात लिहिली, मोबाइलवर नकाशाही घेतला. आदल्या संध्याकाळी आम्ही पुण्यात माझ्या भाचीकडे उतरलो, तेव्हा अक्का तिच्या गच्चीवर गेल्या आणि उतरायचं ते मेट्रोचं स्टेशन कुठं, ऑफिस कुठं, एवढंच त्यांनी विचारलं. भाचीने हात करून दाखवलं. "म्हंजी टेशनापसून उगवतीला," असं म्हणून त्या खाली येऊन झोपल्या.

सकाळी मेट्रो जमिनीखालून गेली. बाहेर पडायला चार जिने. माझी यादी 'पुलाकडे पाठ करून डावीकडे' अशी सुरू होत होती, आणि आम्ही वर आलो तिथे पूलच नव्हता. मोबाइलमधला बाण स्वतःभोवती गिरक्या घेत होता. एका मुलीने लेफ्ट सांगितलं, एका गृहस्थांनी राइट, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना असल्यामुळे दोघंही बरोबर असावीत. सव्वादहा वाजले. मी यादी उलटीसुलटी फिरवत तिथेच घुटमळले.

अक्कांनी फाइल माझ्या हातातून काढून काखेत मारली. "काहून रडकुंडीला आलीस, मास्तरीण?" त्या इमारतीच्या आडोशातून उन्हात जाऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या सावलीकडे एकदा नीट पाहिलं. "सकाळ हाय. सावली पाठीशी ठिवून चल."

आम्ही चाललो. दोन गल्ल्या, एक पार्किंग, कुठल्याशा सोसायटीचं मागचं फाटक. रस्ता वाकला की अक्का थांबत, सावली पाहत आणि पहिल्या फटीतून पुन्हा सरळ होत. शेवटी एक भलीमोठी काचेची इमारत आली. अक्का दारावरच्या वॉचमनला म्हणाल्या, "बाबा, इसाचं हापीस हिच्या कोणत्या अंगाला हाय?"

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "उगवतीच्या अंगाला, मावशी. दुसरा मजला." मग हळूच म्हणाला, "मी बी तुमच्याच भागातला, शिरूर कासारचा. सहा वर्सं झाली हितं, पर आसं इचारणारं कुनी भेटलं न्हाई."

दहा पंचवीसला मी आत होते. ठसे देऊन बाहेर आले तर अक्का त्याच वॉचमनच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रस्ते सांगत होत्या, आणि तो कौतुकाने शेजारी उभा होता. लोक पोचतही असावेत, कारण तक्रार घेऊन परत कुणी आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आले. अक्का दर रविवारी फोनवर विचारत, पोरांच्या घराचं तोंड कुणीकडं हाय? मी वहीत बसचे नंबर लिहिले, शाळेच्या वेळा लिहिल्या, कचऱ्याचे वारही लिहिले. एवढं मात्र पाहायचं राहून गेलं.

आता अक्का थकल्या आहेत. अंगणाबाहेर फारसं जात नाहीत. तुमचा देश मावळतीला आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून त्यांनी बाज फिरवून घेतली आहे, आणि दिवस बुडताना त्या तिकडे तोंड करून बसतात. तेव्हा उद्या सकाळी उठल्यावर तुमच्या खोलीच्या खिडकीतून ऊन आत येतं का, तेवढं बघून मला कळवा. येत असेल तर मी अक्कांना सांगेन, पोरंही उठल्या उठल्या तुमच्याकडंच तोंड करतात.