काडेपेटी सरांची

"तोंडावरचा पदर काढ. चेहरा दिसू दे."

सोसायटीच्या सेक्रेटरीने मोबाइल माझ्यासमोर धरला होता. माझ्या हातात पुठ्ठ्याची पाटी. तिच्यावर जाड अक्षरांत : मी कचरा जाळणार नाही. मी हवा घाण करणार नाही. मागे ढीग अजून धुमसत होता. समोर सगळे नाकाला रुमाल लावून उभे. मी पदर काढला. खोकत खोकत फोटो दिला.

रोह्यातली ही सोसायटी मी झाडते. राहणारे सगळे शिकलेले, मास्तर, बँकवाले. मी निडीजवळच्या आदिवासी वाडीवरून येते. झाडून ढीग करायचा आणि मागच्या भिंतीशी पेटवायचा, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिल्या मजल्यावरचे सर, शाळेतून निवृत्त झालेले, गॅलरीतून काडेपेटी खाली टाकायचे. हातात कधी दिली नाही. काम झालं की ती वर न्यायची नाही, जिन्याखाली मीटरच्या पेटीवर ठेवायची. माझा हात लागलेली वस्तू त्यांच्या घरात चालत नव्हती. माझ्या हाताने झाडलेलं अंगण मात्र चालत होतं.

ढिगात काय नसायचं? दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, पोरांचे डायपर. पेटलं की काळा, चिकट धूर. सगळ्यांच्या खिडक्या धडाधड बंद. मी ढिगाजवळ काठी घेऊन उभी. घरी गेल्यावर थुंकले तरी काळं पडायचं.

मग नियम कडक झाला. उघड्यावर कचरा जाळला तर दंड. मला खरंच आनंद झाला. वाटलं, सुटले एकदाची. सरांना विचारलं, "आता जाळायचा नाय ना?"

"आपल्याकडे कोण बघायला येतंय?" सर म्हणाले. काडेपेटी खाली आली.

बघायला आले. पालिकेचा माणूस धूर बघून आत शिरला. दंड सोसायटीला होईल, म्हणाला. तशी सरांना वाचा फुटली. "कितीदा सांगितलं हिला! या वाडीवरच्या लोकांना जाळायची सवयच असते हो."

सेक्रेटरीने मीटरवरची काडेपेटी दाखवली. म्हणे, ही तिची. माणूस ताकीद देऊन गेला. तो गेटबाहेर पडतो न पडतो तोच पुठ्ठा आला. त्या दिवशी हवेत कुठल्याशा कंपनीचाही उग्र वास होता. कंपनीच्या हातात कोणी पाटी दिली नाही.

फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत वाडीवर पोचला. सासूने शेजाऱ्याकडे पाहिला. तिला वाचता येत नाही.

"पाटीवर काय लिवलंय गो?"

मी वाचून दाखवलं. त्या रुमालवाल्यांची किळस आली, आणि मुकाट पाटी धरणाऱ्या माझ्या हातांचीही.

"माचीस कुनाची व्हती?"

"सरांची."

"मंग तू गप का ऱ्हायलीस?"

चुलीवरचा भात उतरवला. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाडून ढीग केला. सर गॅलरीत आले. कसल्याशा नव्या खोक्यातला थर्माकोल त्यांनी खाली सोडला. "अगं, आता टाकीच्या मागे जाळ. बाहेरून दिसत नाही." मागोमाग काडेपेटी माझ्या पायाशी पडली. नवी कोरी.

ती उचलली आणि जिना चढले. इतकी वर्षं झाडला होता, पण बेल कधी वाजवली नव्हती. वाजवली. सरांनी दार उघडलं. मी काडेपेटी पुढे केली.

"खाली ठेव," ते मागे सरकत म्हणाले.

"नाय ठेवनार. हातात घ्या. जाळायचं आसल तर तुमी खाली या. फोटो मी काढीन."

"कामावरून जायचंय का तुला?"

मी पेटी त्यांच्या तळहातावर दाबली. ते हाताकडे बघत राहिले. मग आत गेले. नळाचा आवाज आला. हात धूत होते. मी दारातच उभी राहून तो आवाज शेवटपर्यंत ऐकला.

ढीग मी गेटजवळ आणलाय, तसाच पडून आहे. ओलं-सुकं वेगळं करून द्या, उचलते, असं सगळ्यांना सांगितलंय. पेटवणार नाही. आज सेक्रेटरीने निरोप धाडलाय, उद्यापासून येऊ नकोस. उद्या मी पालिकेत जाणार आहे. काडी कोणाची होती ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. पदर न घेता. चेहरा दिसू दे.