फेरानची एक संध्याकाळ

वायरमनच्या पिशवीत प्रत्येक कामानंतर एकदोन स्क्रू उरतात. कशाचे ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. किश्शांचं तसंच आहे. दोह्याच्या एका मोठ्या हॉटेलात मी बरीच वर्षं वायरमन होतो, आणि माझ्या पिशवीतले निम्मे स्क्रू फेरानचे आहेत.

फेरान म्हणजे आमच्या लाउंजमधला गिटारवाला. बार्सिलोनाकडचा, कॅटलान. स्वतः संगीत रचायचा. त्याच्या देशात हुकूमशहा होता तेव्हा त्यांच्या भाषेवर बंदी होती. "बंदी होती तेव्हा लोक चोरून ऐकायला यायचे," तो म्हणायचा. "बंदी उठली, आणि लोक यायचेच बंद झाले!"

म्हणून तो कतारला आला. रोज पाहुण्यांची फर्माईश वाजवायची, आणि वर्षातून एक संध्याकाळ मोठ्या हॉलमध्ये फक्त स्वतःचं, असं त्याच्या काँट्रॅक्टमध्ये ठरलं होतं. त्या एका संध्याकाळसाठी तो बाकीचं सगळं सोसायचा.

* * *

पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने त्याला लाल सदरा, कमरेला पट्टा आणि काळी टोपी दिली. मॅनेजर इंग्रज.

फेरान म्हणाला, "हा आमच्याकडचा पोशाख नाही. मी कॅटलान आहे."

"पाहुण्यांसाठी तू स्पॅनिश आहेस. घाल!"

तो ते घालून जिन्यातून उतरला. आमचा लाँड्रीतला सावंत, मालवणचा, मला म्हणाला, "अरे, ह्यो दशावतारातलो राजा खंयसून इलो?"

फेरानने मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, "तुला इथे काय म्हणतात?"

"मद्रासी," मी म्हणालो.

"मद्रास कसं आहे?"

"मी कधी बघितलं नाही!"

तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

* * *

मग नवा सुपरवायझर आला. तो रोज सगळ्यांची नखं तपासायचा. गिटारवाल्याच्या उजव्या हाताची नखं वाढवलेली असतात, तारा त्यांनीच छेडायच्या असतात. फेरानने परोपरीने सांगितलं.

"कूक कापतात, वेटर कापतात. तू कोण मोठा? नाहीतर हातमोजे घाल!"

त्या संध्याकाळी फेरान खरंच पांढरे हातमोजे घालून बसला आणि दोन तास तसाच वाजवत राहिला. नुसता बोथट आवाज, पोत्यावर टिचक्या मारल्यासारखा. एकाही पाहुण्याने मान वर केली नाही.

जाताना मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आज छान झालं. त्रास नाही झाला कुणाला!"

* * *

दोह्यातल्याच बिन महमूद भागात एक पुण्याचे इंजिनिअर राहायचे. त्यांनी फेरानला शुक्रवारी घरी बोलावलं. ओळख माझी, म्हणून मीही गेलो. मुलं इंग्रजीत दंगा करत होती, वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. फेरानने मन लावून स्वतःची एक लांब रचना वाजवायला घेतली.

बराच वेळ झाल्यावर वहिनी हळूच मिस्टरांना म्हणाल्या, "छान आहे हो. पण गाणं कधी सुरू होणार?"

वाटेत फेरानने मला विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"छान आहे, म्हणाल्या."

तो थोडा वेळ चालला. मग म्हणाला, "आणि उरलेलं?"



* * *

काँट्रॅक्टमधली ती संध्याकाळ काही येईना. आधी रमजान आला, मग तेलवाल्यांची मीटिंग, मग कुणाचं तरी लग्न. फेरान विचारायला गेला की तो इंग्रज मॅनेजर हात वर करून म्हणायचा, "इन्शाल्ला!"

सावंत म्हणायचा, "सायब इन्शाल्ला म्हणालो म्हंजे खलास!"

पण दुसऱ्या वर्षी हॉल मिळाला. मॅनेजरने त्याच हॉलमध्ये बुफेही लावला. माईक आणि टेपरेकॉर्डर माझ्याकडे होते. वाजवण्यात नाजूक जागा आली की ताटावरचे चमचे जास्त ऐकू यायचे. शेवटची रचना त्याने डोळे मिटून वाजवली. डोळे उघडले तेव्हा वेटर टेबलं आवरत होते. टाळ्या एकट्या सावंतच्या, त्याही दाराआडून. लाँड्रीवाल्यांना हॉलमध्ये यायची परवानगी नव्हती!

* * *

फेरानचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. त्याच्या जागी कीबोर्डवाला आला. त्याच्या पेटीतून ढोल, बासरी, व्हायोलिन, सगळं निघायचं. मॅनेजर खूश. "चौघांचा आवाज आणि एकाच माणसाचं जेवण!"

* * *

चारेक वर्षांनी फेरान मस्कतच्या हॉटेलात कामाला जाताना दोह्यात एक दिवस थांबला. मला भेटायला आला. केस पांढरे झाले होते. मी त्याला चहाला वर स्टाफरूमकडे नेत होतो. लिफ्टचं दार मिटलं, आणि छतातून गिटार सुरू झाली.

हॉलमधल्या त्याच संध्याकाळची टेप होती. मॅनेजरच्या हुकमावरून मीच ती लिफ्टला जोडली होती, आणि तेव्हापासून ती सकाळपासून रात्रीपर्यंत वाजायची. त्याला कसं सांगावं, हे मला सुचलं नव्हतं.

आमचा मजला आला. फेरान उतरला नाही. त्याने खालचं बटण दाबलं. खाली गेलो, परत वर. चौथ्यांदा खाली आलो तेव्हा एक गोऱ्या मॅडम आत आल्या. त्यांनी मान वर करून ऐकलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कोण वाजवतोय?"

फेरानने टोपी काढली. "तो वारला, मॅडम."

"अरेरे! कुठे?"

"याच हॉटेलात."

पाचवा मजला आला. मॅडम घाईने उतरल्या. दार मिटलं, आणि त्याने पुन्हा खालचं बटण दाबलं.